गोदीतला स्फोट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटावरच्या मागच्या अंकातल्या लेखाला भरपूर पत्रं आली. लेख ज्यांच्या वाचनात आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : दारूगोळा आणि कापूस एकाच पोटात घेऊन आलेलं ‘फोर्ट स्टिकीन’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज धक्क्याला लागलेलं असताना पेटलं. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी ते फुटलं आणि अर्ध्या तासाच्या आत दुसऱ्यांदा फुटलं. सरकारी आकडा ७४० मृत्यूंचा आहे. खरी संख्या त्याहून बरीच जास्त असावी असं बहुतेक अभ्यासक मानतात. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. आलेल्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : एका सिगारेटच्या थोटकानं एवढं मोठं जहाज फुटलं, असं ऐकत आलो आहोत. हे खरं मानायचं का?

थोटकानं आग लागली असावी, हे पटण्यासारखं आहे. घातपाताची शक्यता तपासून बाजूला ठेवली गेली आणि चौकशीत बोट गेलं ते कामाच्या वेळी ओढलेल्या विडी-सिगारेटकडे. पण आग लागणं आणि जहाज फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जहाज फुटलं ते माल ज्या पद्धतीनं रचला होता त्यामुळे.

‘फोर्ट स्टिकीन’ १९४२ साली कॅनडात प्रिन्स रूपर्ट इथे बांधलेलं, ७,१४२ टनांचं जहाज. २४ फेब्रुवारी १९४४ ला ते इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं. पोटात १,३९५ टन स्फोटक माल होता : टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे. त्यातला २३८ टन माल अतिसंवेदनशील, म्हणजे ‘अ’ वर्गातला. शिवाय खोक्यांत बंद केलेली लढाऊ विमानं आणि सोनं. कराचीला काही माल उतरला आणि मोकळ्या झालेल्या जागेत कापसाच्या गाठी, तेलाची पिंपं, लाकूड, भंगार लोखंड असं जे मिळेल ते भरलं गेलं. युद्धाच्या दिवसांत जहाजांची इतकी टंचाई होती की एक कोपराही रिकामा न्यायचा नाही, असा दंडक होता. कप्तानानं या सरमिसळीला हरकत घेतली होती. ती कोणी मनावर घेतली नाही.

आता दोन नंबरच्या होल्डमधली रचना बघा. होल्ड म्हणजे जहाजाच्या पोटातलं कोठार. त्याला आडवे मजले असतात. तळाच्या मजल्यावर कापूस होता आणि त्याच्या डोक्यावर, मधल्या मजल्यावर, स्फोटकं. मध्ये होती फक्त पोलादी डेक. पोलाद आग अडवतं, उष्णता अडवत नाही. खाली कापूस तासभर धुमसला की वरचा पत्रा तापलेल्या तव्याचं काम करतो. टीएनटी हे स्फोटक ८० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. वितळलेलं स्फोटक फटींतून झिरपतं, पेटतं, आणि कोंडलेल्या जागेत त्या जळण्याचं रूपांतर स्फोटात होऊ शकतं.

युद्धाआधीची रीत अशी होती की दारूगोळ्याचं जहाज गोदीत घ्यायचं नाही. बाहेर नांगरून माल बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू पडावात, उतरवायचा. युद्धाच्या घाईत ती रीत मोडली. जहाजावर स्फोटकं आहेत हे सांगणारा लाल बावटाही त्या दिवशी चढवलेला नव्हता. शेजारच्या जहाजांवरच्या काहींना दुपारच्या जेवणाच्या सुटीतच धुराची रेघ दिसली होती. बावटा असता तर त्यातल्या एखाद्यानं तरी आरडाओरडा केला असता, असं आम्हाला वाटतं.

प्रश्न : दोन तास पाणी मारूनही आग विझली का नाही? बंब कमी पडले का?

पाणी कमी पडलं नाही. नऊशे टनांहून जास्त पाणी त्या होल्डमध्ये गेलं. अडचण कापसाच्या गाठीची होती, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

दाबलेली गाठ वरून पेटली तर ज्वाळा थोडाच वेळ राहते. पुढचं जळणं आत होतं, राखेखाली गोवरी धुमसावी तसं. तंतूंमध्ये अडकलेली हवा त्याला पुरते. पाण्याची धार गाठीवर आपटते आणि घरंगळते. बाहेरचा थर भिजतो आणि आतला निखारा कोरडाच राहतो. म्हणूनच कापसाच्या गोदामात विझली म्हणून सोडलेली आग दोन-तीन दिवसांनीही पुन्हा डोकं वर काढते. गाठ पूर्ण विझवायची तर ती बाहेर काढून, पट्ट्या तोडून, सुटी करून भिजवावी लागते. स्फोटकांच्या खाली रचलेल्या गाठींच्या बाबतीत ते कोण आणि कसं करणार?

त्यातून आणखी एक गोष्ट उलटली. कोरडी गाठ पाण्यावर तरंगते. होल्डमध्ये पाणी चढत जातं तशा जळत्या गाठीही वर उचलल्या जातात, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या स्फोटकांच्या जवळ. आग नेमकी कुठे आहे, हे दाट धुरामुळे कोणालाच दिसत नव्हतं, त्यामुळे पाणी अंदाजानं पडत होतं. जहाजात साचलेलं पाणी उकळू लागलं होतं, अशी नोंद आहे. बाहेरून जहाजाच्या कुशीवरचा रंग फोड येऊन सुटू लागला. आग कुठे आहे हे सांगणारी ती एकच खूण होती. तिथे पत्रा कापून थेट आत पाणी मारण्याचा प्रयत्न झाला, पण कापण्याचं साधन चाललं नाही.

मग करायला काय हवं होतं? होल्डमध्ये नुसता कापूस असता तर उत्तर आहे : हॅच, म्हणजे होल्डच्या तोंडावरचं झाकण, बंद करायची, हवेची सगळी तोंडं बुजवायची आणि कार्बन डायऑक्साइड सोडायचा. आजच्या मालवाहू जहाजांवर सर्वांत मोठ्या होल्डच्या घनफळाच्या ३० टक्के जागा भरेल इतका वायू बाळगावा लागतो. सोडल्यावर ‘विझली का बघू’ म्हणून हॅच उघडायची नाही. तापमान उतरेपर्यंत, गरज पडली तर बंदर येईपर्यंत, काही दिवस तशीच ठेवायची. उघडली की हवा आत जाते आणि निखारा फुलतो. वर स्फोटकं असतील तर मात्र एवढी सवड नसते. तिथे दोनच मार्ग उरतात : स्फोटकांपर्यंत झळ पोचण्याआधी तो मजला पाण्यानं पूर्ण बुडवणं, नाहीतर माणसं हटवणं.

प्रश्न : जहाज समुद्रात ओढून का नेलं नाही? निदान तिथल्या तिथे बुडवायचं तरी!

हे दोन्ही सल्ले त्या दुपारी धक्क्यावर दिले गेले होते, आणि तेही जाणकारांकडून. दारूगोळ्याच्या अधिकाऱ्याचं म्हणणं होतं, जहाज बुडवा. गोदीच्या व्यवस्थापकाचं म्हणणं, बाहेर काढा. अग्निशमन दल आग विझवण्यात गुंतलेलं. कप्तान या सगळ्यांचं ऐकत होता, आणि अखेरचा शब्द कोणाचा हे ठरलेलं नव्हतं.

प्रत्येक मार्गात खरी अडचण होती. व्हिक्टोरिया गोदी बंदिस्त. बाहेर पडायची वाट एका अरुंद दारातून. वाफेवर चालणाऱ्या जहाजाचा बॉयलर थंड असेल तर वाफ धरायलाच काही तास जातात, त्यामुळे टगनं, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीनं, ओढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि ओढताना दारातच स्फोट झाला असता तर? बुडवण्याचंही तसंच. धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या तळाखाली पाणी जेमतेम असतं. तळ टेकला तरी जहाजाचा वरचा भाग पाण्याबाहेरच राहतो, आणि स्फोटकं होती मधल्या मजल्यावर.

असं असूनही आमचं मत स्पष्ट आहे. खुद्द जहाजावर धूर दुपारी दोनच्या सुमाराला लक्षात आला. जहाज सोडण्याचा हुकूम सुटला ३ वाजून ५० मिनिटांनी. मधल्या वेळात यांपैकी कोणताही एक निर्णय, अगदी चुकीचासुद्धा, ‘पाणी मारत राहू’ यापेक्षा बरा ठरला असता. आणि सगळ्यांत स्वस्त निर्णय होता गोदी रिकामी करण्याचा. शेजारची जहाजं, शेडमधले हमाल, जवळचे रस्ते यांना कोणीच सावध केलं नाही. जहाज सोडण्याच्या हुकमानंतर १६ मिनिटांनी ते फुटलं, तेव्हा बघ्यांची गर्दी तिथेच उभी होती.

प्रश्न : स्फोट दोनदा कसा झाला?

पहिल्या स्फोटानं जहाजाचे दोन तुकडे केले. मागच्या तुकड्यात दारूगोळा शिल्लक होता आणि तो आता आगीत होता. ४ वाजून ३४ मिनिटांच्या सुमाराला तो फुटला. मधल्या वेळात मदतीला धावून आलेले लोक त्यात सापडले. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या भूकंपमापकांवर दोन्ही धक्के उमटले. १२ किलोमीटरवरच्या खिडक्यांची तावदानं फुटली.

पाण्यातून गेलेल्या दणक्याची ताकद बघायची तर ‘जलपद्म’ या जहाजाकडे बघावं. चार हजार टनांच्या आसपासचं हे जहाज लाटेनं उचललं गेलं आणि त्याची मागची बाजू धक्क्यावरच्या शेडवर जाऊन टेकली. आसपासची अकरा जहाजं बुडाली किंवा बुडायला आली.

पण शहर जाळलं ते उडालेल्या कापसानं. पेटलेल्या गाठींचे तुकडे आणि लालबुंद लोखंड मांडवी, दाणाबंदर, मशीद बंदरच्या वखारींवर आणि वस्त्यांवर पडलं. तिथे धान्य होतं, लाकूड होतं, तेल होतं. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. गोदीतला ढिगारा, सुमारे पाच लाख टन, उपसायला आठ हजार माणसं सात महिने राबत होती. धान्याचे साठे जळाल्यावर काळाबाजार सुरू झाला, तोही याच आपत्तीचा भाग म्हणून मोजायला हवा. बंगालच्या दुष्काळानंतरचं ते वर्ष होतं.

प्रश्न : बैरूतला तर नुसतं खत होतं. खत कसं फुटतं? आमच्या गोदामातही खताची पोती असतात.

ज्या खतामुळे २०२० साली लेबनॉनमधलं बैरूत हादरलं ते अमोनियम नायट्रेट. युरिया नव्हे, डीएपीही नव्हे. तेव्हा आधी पोत्यावरचं नाव वाचा. भारतात अमोनियम नायट्रेट साठवायला २०१२ च्या अमोनियम नायट्रेट नियमांखाली परवाना लागतो, ते साध्या खतासारखं कुठेही ठेवता येत नाही.

हा पदार्थ स्वतः जळत नाही, पण जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्यातच बांधलेला असतो. १६९ अंशांवर तो वितळतो, त्याच्या वर तापला की विघटन सुरू होतं. मोकळ्या जागेत, स्वच्छ स्थितीत तो बहुधा धूर सोडत संपून जातो. घात तीन गोष्टींनी होतो : डिझेल, तेल, लाकडाचा भुसा, कागद, क्लोराइड यांसारखं काही त्यात मिसळणं; वायू बाहेर पडायला वाव नसणं; आणि ढीग मोठा असणं. ढिगाच्या पोटातली उष्णता बाहेर जात नाही आणि विघटन स्वतःच स्वतःला तापवत जातं.

१६ एप्रिल १९४७ ला अमेरिकेत टेक्सास सिटीच्या बंदरात ‘ग्रँडकॅम्प’ या जहाजावर नेमकं हेच घडलं. सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट, तेही कागदी पोत्यांत. धूर दिसल्यावर माल भिजून खराब होऊ नये म्हणून पाण्याऐवजी हॅच बंद करून आत वाफ सोडली. कापसाच्या आगीवर हे चाललं असतं. इथे हवा बंद करून काही फायदा नव्हता, कारण ऑक्सिजन मालातच होता. वाफेनं उष्णता वाढली आणि झाकणानं कोंडमारा झाला. सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी जहाज फुटलं. गावाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलातल्या २८ पैकी २७ जण गेले. शेजारचं ‘हाय फ्लायर’ जहाज, त्यातही हाच माल, सोळा तासांनी मध्यरात्रीनंतर फुटलं. एकूण मृत्यू ५८१ च्या आसपास.

म्हणजे मुंबईतल्या कापसाला जे औषध, तेच टेक्सास सिटीत विष ठरलं. अमोनियम नायट्रेटच्या आगीत सुरुवातीलाच हॅच, दारं, खिडक्या उघडायच्या, भरपूर पाणी मारायचं. वाफ, कार्बन डायऑक्साइड किंवा फेस यांच्या भरवशावर राहायचं नाही. आग ढिगात शिरली असेल, नारिंगी-तपकिरी धूर येत असेल, तर विझवायचा नाद सोडून माणसं लांब न्यायची.

बैरूतमध्ये ४ ऑगस्ट २०२० ला फुटला तो २,७५० टन म्हणून नोंदलेला माल. ‘ऱ्होसस’ नावाच्या जहाजातून तो २०१३ साली आला, जहाज अडकून पडलं, आणि माल बंदरातल्या १२ नंबरच्या गोदामात सहा वर्षं पडून राहिला. दोनशेच्या वर माणसं मेली. त्या मालाचा धोका कागदोपत्री वारंवार कळवला गेला होता, हे वाचताना फार संताप येतो.

गोदामासाठी नियम सोपे आहेत. पोती लाकडी फळ्यांवर किंवा भुशावर नकोत, काँक्रीटच्या स्वच्छ फरशीवर. इंधन, ब्लीचिंग पावडर, कीटकनाशकं, धातूंची पूड त्या शेडमध्येच नको. सांडलेला माल लगेच गोळा करून वेगळा ठेवायचा, परत पोत्यात भरायचा नाही. डिझेलवर चालणारी गाडी आत उभी करून ठेवायची नाही. आणि शेडमध्ये वेल्डिंग करायचंच नाही.

प्रश्न : बंदराजवळ राहतो. उद्या जहाजातून किंवा गोदामातून मोठा धूर दिसला तर काय करायचं?

खिडकीपासून लांब जा. बाकी सगळं त्यानंतर.

६ डिसेंबर १९१७ ला कॅनडात हॅलिफॅक्सच्या बंदरात ‘माँ ब्लाँ’ हे स्फोटकांनी भरलेलं जहाज टक्कर होऊन पेटलं. वीस मिनिटं ते जळत होतं आणि गाव खिडक्यांतून बघत होतं. स्फोट झाला तेव्हा काचा सरळ चेहऱ्यांवर आल्या. १,७८२ माणसं मेली आणि हजारोंच्या डोळ्यांना इजा झाली. एका शतकानंतर बैरूतमध्ये लोक मोबाइल घेऊन त्याच जागी, खिडकीशी उभे होते.

स्फोटाचा दणका आवाजाच्या वेगानं येतो : किलोमीटरला साधारण तीन सेकंद, अगदी जवळ त्याहून लवकर. आधी लखलखाट दिसतो. दीड किलोमीटरवर असाल तर हातात चारेक सेकंद असतात. तेवढ्यात पळता येत नाही, पण जमिनीवर पालथं पडून, डोकं हातांनी झाकून, भिंतीच्या आडोशाला जाता येतं. तोंड किंचित उघडं ठेवा. लखलखाट झाल्यावर ‘काय झालं’ म्हणून बघायला उठू नका.

वेळ हाताशी असेल तर अंतर वाढवा. स्फोटकांनी भरलेलं एखादं वाहन पेटलं तरी १.६ किलोमीटरचा परिसर मोकळा करण्याचा संकेत आहे. जहाजात असा माल शेकडो वाहनांचा असतो. आगीपासून लांब, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं किंवा आडवं निघा, धूर तुमच्यावर येणार नाही अशा बेतानं. नारिंगी-तपकिरी धूर नाकात गेला असेल तर त्या वेळी बरं वाटलं तरी डॉक्टरांकडे जा. त्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडमुळे काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊ शकतं, म्हणून निदान २४ तास लक्ष ठेवावं लागतं.

पहिला स्फोट झाला की दुसरा होणार असं समजूनच वागा. मुंबईत आणि टेक्सास सिटीत तो झाला. डोळ्यात काच गेली असेल तर चोळू नका, ओढू नका, दाबून पट्टी बांधू नका. कागदी पेल्यासारखं काही डोळ्यावर उपडं ठेवून हलकं बांधा. दुसरा डोळाही झाकला तर उत्तम, कारण दोन्ही डोळे बरोबरच हलतात. अंगात रुतलेली काचही तशीच ठेवून कडेनं दाब द्या.

प्रश्न : एवढी मोठी घटना, आणि वर्तमानपत्रांत महिनाभर नीट बातमी नाही. असं कसं?

युद्धकाळातली सेन्सॉरशिप. आगीचे डोंब अख्ख्या मुंबईनं पाहिले होते, पण बाहेरच्या जगाला पहिला तपशील कळला तो दुसऱ्या दिवशी, जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून. इथल्या वर्तमानपत्रांना परवानगी मिळाली मेच्या दुसऱ्या आठवड्यात. सुधीश घटक या छायाचित्रणकारानं केलेलं चित्रीकरण लष्करानं ताब्यात घेतलं. त्यातला काही भाग पुढे वार्तापटात दाखवला गेला. बातमी दाबल्यानं अफवा वाढल्या, आणि घरची माणसं शोधणाऱ्यांचे हाल झाले. नुकसानभरपाईची जबाबदारी मात्र सरकारनं घेतली. त्यासाठी १९४४ सालीच स्वतंत्र वटहुकूम निघाला.

प्रश्न : सोन्याच्या विटा आकाशातून पडल्याची गोष्ट खरी की दंतकथा?

खरी. जहाजात ३१ पेट्या सोनं होतं, एकेक लगड साडेबारा किलोच्या आसपास. सोनं वितळायला १,०६४ अंश लागतात, पण स्फोटाचा ताव क्षणाचाही नसतो, म्हणून लगड वितळत नाही, फेकली जाते. एक लगड दीडेक किलोमीटरवरच्या एका पारशी गृहस्थांच्या घरात छप्पर फोडून पडली. त्यांनी ती परत केली आणि बक्षिसाची रक्कम मदतनिधीला दिली. पुढे गोदीचा गाळ उपसताना अधूनमधून लगडी मिळत राहिल्या, अगदी २०११ पर्यंत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ४५ किलोचा एक जिवंत तोफगोळाही मिळाला. गाळातून सोनं निघेल या आशेनं कोणी तिकडे फिरकू नये, यासाठी एवढं कारण पुरे आहे. शिवाय बुडालेल्या जहाजातली वस्तू सापडली तर ती सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते, ती सापडणाऱ्याची होत नाही.

प्रश्न : आज कापूस आणि स्फोटकं एकत्र येऊ शकतात का?

कागदावर नाही. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमावलीत कोणता माल कोणापासून किती दूर ठेवायचा याचा तक्ता आहे. एकदम फुटणारी स्फोटकं आणि पेट घेणारा घनमाल यांच्यात जहाजाच्या लांबीच्या दिशेनं मध्ये एक अख्खा होल्ड किंवा कप्पा सोडावा लागतो. एकाच्या वर दुसरं हा प्रश्नच उरत नाही. कोरडा कापूसही या नियमावलीत येतो. गाठ घनमीटरला ३६० किलो किंवा त्याहून घट्ट दाबलेली आणि बंद कंटेनरमध्ये असेल तरच त्याला सवलत मिळते. कारण उघड आहे : घट्ट गाठीत हवा कमी. वनस्पती तेल लागलेल्या कापसाचा वर्ग आणखी कडक, कारण तो काडी न लावताही आपोआप तापतो.

जहाजावर धोकादायक माल चढत-उतरत असेल तर दिवसा लाल, टोकाला खाच असलेला ‘बी’ बावटा आणि रात्री लाल दिवा.

नियम चांगले आहेत. ते मोडतात ते खोट्या कागदांनी. भाडं वाचावं म्हणून मालाचं नावच दुसरं लिहिलं, की तो कंटेनर कुठेही रचला जातो आणि आग लागल्यावर काय मारायचं हे कोणालाच कळत नाही. निर्यात करणाऱ्या प्रत्येकाला कळकळीनं सांगणं आहे : मालाचं खरं नाव आणि त्याचा चार आकडी यूएन क्रमांक (धोकादायक माल ओळखण्याचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक) लिहा. तुमच्या कंटेनरशेजारी माणसं काम करत असतात.

प्रश्न : स्मारक कुठे आहे? मुलांना दाखवायचं आहे.

भायखळ्याला, अग्निशमन दलाच्या मुख्यालयात. १४ एप्रिलपासूनचा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळतात तो याच जवानांसाठी. त्या आठवड्यात गेलात तर बंब आणि शिड्याही जवळून बघता येतात. गोदी मात्र दाखवता येणार नाही. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या भरून टाकल्या आहेत.

प्रश्न : आमची मासेमारीची बोट आहे. जाळ्यात गंजलेला, गोळ्यासारखा लोखंडी तुकडा आला तर काय करावं? भंगारवाला घ्यायला तयार असतो.

भंगारवाल्याला देऊ नका, आणि गंज खरवडूनही बघू नका. समुद्रात ऐंशी वर्षं राहिलेलं टीएनटी फारसं बिघडत नाही. त्यातली चाप-यंत्रणा मात्र गंजून बेभरवशाची होते, आणि पिक्रिक आम्ल हे स्फोटक भरलेले जुने गोळे असतील तर धातूशी संयोग होऊन अधिकच नाजूक क्षार तयार झालेले असतात.

जाळं अजून पाण्यात आहे आणि आत असं काही दिसतंय, तर ते बोटीवर ओढू नका. बोटीच्या कुशीवर आपटू देऊ नका. जीपीएसवर जागा नोंदवा आणि जाळं कापून हलकेच सोडून द्या. जाळ्याचं नुकसान मोठं असतं हे माहीत आहे, तरीही सोडा.

वस्तू डेकवर आल्यावरच लक्षात आली, तर ती इंजिनपासून आणि चुलीपासून लांब, हलणार नाही अशी दोन्ही बाजूंनी अडकवून बांधा. वर ओली गोणपाटं टाका आणि ती सतत भिजवत राहा, कारण हवेत वाळलेलं स्फोटक धक्क्याला जास्त नाजूक होतं. सगळ्यांनी बोटीच्या दुसऱ्या टोकाला जा. लगेच तटरक्षक दलाला १५५४ वर किंवा व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनलवर कळवा. किनाऱ्यावर असाल तर ११२. जागा, वस्तूची लांबी-जाडी, आकार आणि ती पाण्याबाहेर येऊन किती वेळ झाला, एवढं सांगा. ते सांगतील त्या जागी थांबा. बोट बंदरात किंवा धक्क्याला आणू नका.